रश्श्याची वाटी आणि रिपोर्टवरची सही

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटी विभागात असलेल्या 27 वर्षांच्या मुलानं विचारलंय: ‘गेल्या कार्तिकीला माळ घातली. तेव्हापासून शिफ्टमध्ये “बुवा आले, मटण झाका” सुरू आहे. सुपरवायझर म्हणतो माळ काढून ठेव. आखाडात सासरी गेलो की ताटात तांबडा रस्सा येतो, नको म्हटलं की सासूबाईंचा चेहरा पडतो. सगळ्या शॉपमध्ये मी एकटाच माळकरी. आणि परवा साहेबांनी टेस्ट रिपोर्टमधला एक आकडा बदलून सही करायला सांगितली. मी नको म्हणालो तर म्हणाले, “देव घरी ठेवून येत जा.” अशा वातावरणात देवाशी निष्ठा कशी राखायची?’

बाळा, तुझ्या मूळ पत्रात मटणावर दीड पान आहे आणि सहीवर तीन ओळी. मी उलट्या मापानं उत्तर देणार आहे. मी 31 वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात मशीन शॉपला काढली, त्यातली शेवटची बरीचशी इन्स्पेक्शनच्या टेबलावर. कीर्तन संध्याकाळचं आणि एकादशीचं. त्यामुळे तुझी वीणाही मला माहीत आहे आणि तुझा मायक्रोमीटरही.

सुपरवायझरचं आधी उरकून टाकू. तो धर्माचा वैरी नाही. लेथच्या फिरत्या चकापाशी गळ्यात लोंबणारी कुठलीही वस्तू, मग ती माळ असो, मफलर असो की ओळखपत्राची दोरी, माणसाला आत ओढते. माळ गळ्याशी बसती, आखूड करून घे आणि शर्टाचं वरचं बटण लाव. तरीही त्या जागेचा नियम ‘गळ्यात काही नको’ असा असेल तर कामापुरती काढून वरच्या खिशात ठेव, सुटी झाली की हात धुऊन घाल. यात तुझं काही भ्रष्ट होत नाही. एकादशीचंही तसंच. भट्टीसमोर बारा तास उभं राहायचं असेल तर निर्जळी करू नकोस. पाणी पी, फळं खा, शेंगदाण्याचा लाडू ठेव. घेरी येऊन वितळलेल्या लोखंडाच्या लॅडलजवळ पडलास तर पांडुरंग काही खूश होणार नाही.

आता थट्टा. कोल्हापुरात ज्याची थट्टा होत नाही तो माणूस गावाला अजून परका आहे असं समज. ‘मटण झाका’ म्हणणारा पोरगाच जेवणावळीत तुझ्यासाठी वेगळी भाकरी आणि दही राखून ठेवतो की नाही, ते बघ. ठेवत असेल तर तो छळ नाही, ती ओळख आहे. एकदा सरळ सांगायचं, ‘मी खात नाही, तुम्ही बसा निवांत,’ आणि त्यांच्याच पंगतीला बसायचं. उठून दुसऱ्या बाकावर जायचं नाही. कुणी मुद्दाम वाटीत रस्सा ओतला तर हसून सोडू नकोस. त्या एका वेळेला डोळ्याला डोळा लावून बोल. पुन्हा होत नाही.

माझी स्वतःची चूक इथंच झाली होती. माळ घातल्यावर पहिली दोन वर्षं मी डबा धुवायला वेगळ्या नळावर जात होतो. बाकीच्यांच्या डब्याचं पाणी नको म्हणून. एका म्हाताऱ्या मोल्डरनं सगळ्यांसमोर विचारलं, ‘बुवा, तुमचा इठोबा नळाला भितो व्हय?’ मला तेव्हा राग आला. मी त्याला निंदक म्हणालो, घरी येऊन बायकोला सांगितलं की माझा छळ चाललाय. छळ कसला? खोटी शुद्धी मिरवत होतो आणि त्यानं ती बरोबर पकडली. आपल्याला जे सोसावं लागतं त्यातलं किती देवासाठी आणि किती आपल्या ताठ्यासाठी, हे मोजायला कुठलं गेज नाही. एवढं कळतं की देवासाठी सोसलेलं माणूस कमी बोलून दाखवतो.

पण तू ‘मी एकटाच’ असं लिहिलंस, ते मला जास्त लागलं. त्यासाठी तुला आपल्याच गावातली एक गोष्ट सांगतो. ती कोल्हापुरात घडली हे कोल्हापूरकरांनाही फारसं ठाऊक नसतं.

बहिणाबाई पाठक. शिऊरच्या म्हणून ओळखतात, 1700 साली तिथंच देह ठेवला. (जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी वेगळ्या, त्या अडीचशे वर्षांनंतरच्या.) वेरूळजवळच्या देवगावच्या कुलकर्ण्यांची मुलगी. खेळायच्या वयात वयानं खूप मोठ्या बिजवराशी लग्न लागलं. माहेरी कर्ज झालं आणि रातोरात गाव सोडावं लागलं. आईबाप, नवरा आणि ही पोर, सगळे भटकत पंढरपूर, शिंगणापूर, रहिमतपूर करत कोल्हापूरला आले. इथं बहिरंभट नावाच्या ब्राह्मणाच्या घरी ओसरी मिळाली. त्यांच्याकडची एक कपिला गाय वासरासकट यांना मिळाली आणि त्या वासराचा हिला लळा लागला. ते हिच्या हातून पाणी प्यायचं, हिच्यामागून फिरायचं. तेव्हा कोल्हापुरात जयरामस्वामींची कीर्तनं चालली होती. ही गेली की वासरू मागोमाग. एकदा गर्दीत लोकांनी वासराला मंडपाबाहेर काढलं, तर स्वामींनी ते परत आत आणवलं, वासराच्या आणि हिच्या डोक्यावरून हात फिरवला. झालं. गावात कुजबुज सुरू झाली. नवरा वैदिक, पोटापाण्याचा व्यवसायच तो. बायकोचं नाव चारचौघांत निघालं म्हणून त्यानं तिला धरून मारलं आणि बांधून ठेवलं. गाईनं आणि वासरानं चारा सोडला.

पुढं वासरू मेलं. ही तीन-चार दिवस शुद्धीवर नव्हती, आणि त्या अवस्थेत तिला तुकोबा दिसले. ज्यांना तिनं कधी पाहिलं नव्हतं, ज्यांचे फक्त अभंग कीर्तनात कानावर आले होते, त्यांना तिनं गुरू मानलं. हे सगळं तिनं स्वतःच आपल्या अभंगांत सांगून ठेवलंय, कुणी चरित्रकारानं रचलेलं नाही. मग नवऱ्याचा संताप आणखी वाढला. ब्राह्मणाच्या बायकोनं शूद्राला गुरू करायचं? तो तिला टाकून निघायला तयार झाला. नंतर तो आजारी पडला, मन पालटलं, आणि सगळं कुटुंब देहूला गेलं. तिथंही तुकोबांचा वैरी मंबाजी होताच छळायला.

मी ही गोष्ट कीर्तनात बऱ्याचदा सांगितली आहे आणि दरवेळी माझ्या नजरेत वेगळंच काहीतरी भरतं. आधी मला तुकोबांचं दर्शन मोठं वाटायचं. आता वासरू मोठं वाटतं. अख्ख्या करवीरात त्या पोरीच्या बाजूचं असं कोण होतं? आई-वडील लाचार, नवरा विरोधात, शेजारी कुजबुजणारे, गुरू दूर देहूला, आणि तोही न भेटलेला. सोबतीला एक वासरू. तेवढ्यावर तिनं निभावलं. तू शॉपमध्ये एकटा आहेस म्हणतोस, तर तुझं वासरू शोध. एक माणूस पुरे. रोज सकाळी हरिपाठाच्या वेळी ज्याला फोन करता येईल असा एक. आषाढीला शहरातून नंदवाळला दिंडी जाते, पुईखडीवर रिंगण होतं, तिथं नुसता चालत जा. पंढरपूरची वारी सुट्टीअभावी जमली नाही म्हणून हळहळू नकोस. नंदवाळचा विठोबाही विठोबाच आहे.

आणखी एक. बहिणाबाईला दाबणारे कुणी परके नव्हते. दाब घरातून आला, आणि हातात शास्त्र घेऊन आला. चोखोबांनाही देवाच्या दारातच अडवलं ते देवाचं नाव घेणाऱ्यांनीच. पंढरपूरचं ते दार दलितांना उघडायला 1947 साल उजाडलं आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. आपल्या पंचगंगेच्या घाटावर 1899 साली खुद्द शाहू महाराजांसाठी वेदोक्त मंत्र म्हणायला पुरोहितानं नकार दिला, हे तू शाळेत शिकलायस. तेव्हा ‘आमची संस्कृती चांगली आणि बाहेरची वाईट’ अशी सोपी विभागणी करून माझ्याकडे येऊ नकोस. भक्ताला अडवणारा गळ्यात माळ घालूनही येतो.

मधेच एक स्पष्ट सांगतो, कारण कीर्तनानंतर बायका मला हे विचारतात. बहिणाबाईनं मार सोसला, ही तिच्या काळाची लाचारी होती, ती भक्तीची पद्धत नव्हे. आज कुणाच्या घरी असं चालत असेल तर ‘संतांनी सोसलं, तूही सोस’ म्हणणाऱ्या बुवाला दारातूनच परत पाठवा. 181 वर फोन करा, 112 वर करा, 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा त्यासाठीच आहे. बहिणाबाईकडून घ्यायचं ते तिचं न हलणं. तिनं नवऱ्याशी वाद घालून तो जिंकला नाही, त्याला शिव्याही दिल्या नाहीत, आणि तुकोबांना गुरू मानणंही सोडलं नाही.

आता सहीकडे येतो.

तू ग्रेड लिहिली नाहीस, म्हणून मी आपलं नेहमीचं उदाहरण घेतो. एसजी आयर्न, म्हणजे गोल ग्रॅफाइटचं ओतीव लोखंड, ग्रेड 450/10. त्यातला 10 म्हणजे टेस्ट बार ओढल्यावर तुटायच्या आधी निदान दहा टक्के लांबला पाहिजे. तुझ्या मशीनवर आला आठ. साहेब म्हणतात दहा-अकरा लिही, गाडी दारात उभी आहे, आणि हे सगळीकडेच चालतं. दोन टक्क्यांनी काय होतं? कदाचित काहीच होत नाही. पण तो भाग कुणाच्या तरी ट्रॅक्टरच्या किंवा ट्रकच्या पोटात बसणार आहे, आणि न लांबता तुटणारं लोखंड तुटण्याआधी सूचना देत नाही. त्या चालकाला तू कधी बघणार नाहीस. तुझ्यात आणि त्याच्यात फक्त तो कागद आहे.

तुकोबांच्या आयुष्यात कागद दोनदा पाण्यात गेले. वह्या बुडवल्याचं सगळ्यांना ठाऊक असतं. आधीचं कमी जण सांगतात. घरी सावकारी होती, 1630 च्या दुष्काळात सगळं कोसळलं, पुढे लोकांकडून येणं असलेली कर्जखतं तेवढी हातात उरली. निम्मी धाकट्या भावाला, कान्होबाला, देऊन टाकली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. लोकांना नाडणारा कागद स्वतःच्या हातानं बुडवणारा हा माणूस. म्हणून पुढे त्याच्या अभंगांच्या वह्या बुडवायला लावल्या तेव्हा त्याला तेरा दिवस नदीकाठी बसता आलं, असं मला वाटतं. पोथीत हे असं जोडलेलं नाही, हा माझा अर्थ. पण इन्स्पेक्शनच्या टेबलावर बसलेल्या माणसाला तो लागू पडतो. कुठल्या कागदावर आपलं नाव राहू द्यायचं आणि कुठल्यावर नाही, हे आधी ठरलेलं असलं की मोठी वेळ आली तरी माणूस फार हलत नाही.

माझंही ऐक. एकदा मी सही केली. शाफ्टचा लॉट होता, माप थोडं बाहेर होतं, महिनाअखेर होती, मुलीच्या शाळेची फी भरायची होती. माळ कॉलरच्या आत ढकलली आणि सही केली. त्यानंतर काय झालं असेल वाटतं तुला? काही झालं नाही. कुठं अपघात झाल्याचं कानावर आलं नाही, तक्रार आली नाही, देवानंही शिक्षा केली नाही. त्या एकादशीला कीर्तनाला उभा राहिलो, तुकोबांनी मनाला साक्षी ठेवून बहुमत नाकारल्याचा अभंग निरूपणाला होता, आणि पहिल्या चरणालाच माझा आवाज बसला. टाळकऱ्यांना वाटलं घसा धरलाय. मी ते तसंच वाटू दिलं.

पुढच्या वेळी नाही म्हणालो. बक्षीस म्हणून स्टोअरला बदली झाली, सव्वादोन वर्षं नट-बोल्ट मोजत बसलो, ओव्हरटाइम गेला. हे तुला आधी सांगतोय, म्हणजे ‘देवासाठी उभा राहिलो की देव सांभाळून घेतो’ असं मनात धरून तू जाऊ नयेस. सांभाळतो, पण पगाराच्या स्लिपवर ते दिसेलच असं नाही. घरात बायकोशी आधी बोल. किती महिने ओढता येईल ते दोघांनी वहीत लिहून बघा. नवऱ्याच्या निष्ठेची किंमत बायकोला न विचारता बायकोकडून वसूल करणारे बुवा मी खूप बघितले आहेत.

आणि नाही कसं म्हणायचं, त्याचीही रीत आहे. चारचौघांत नको. साहेबांच्या केबिनमध्ये, दार लावून, आवाज खाली ठेवून. देवाचं नाव पहिल्या वाक्यात काढू नकोस, आकडा काढ. ‘साहेब, आठ आलाय, मी आठच लिहिणार. पण माल अडू नये म्हणून काय करता येईल ते बघून आलोय.’ आणि खरंच बघून जा. त्याच हीटचा, म्हणजे एकाच वेळी वितळवलेल्या रसाचा, दुसरा बार ओढून बघ, पहिल्यात दोष असू शकतो. मायक्रोस्कोपखाली तुकडा बघ. पर्लाइट, म्हणजे लोखंडाला कडक करणारी रचना, जास्त दिसत असेल तर अ‍ॅनीलिंग करून, म्हणजे तापवून सावकाश थंड करून, लांबी वाढते, लॉट वाचतो. पण मॅग्नेशियम दिल्यावर रस ओतायला उशीर झाला असेल आणि ग्रॅफाइटच्या गाठी गोल बनल्याच नसतील, तर भट्टीत कितीही घाल, ते सुधारणार नाही. मग ग्राहकाला खरा आकडा कळवून डेव्हिएशन, म्हणजे ठरल्या आकड्यात सूट, मागा, नाहीतर तो लॉट स्क्रॅपला जाऊन पुन्हा वितळू दे. लोखंडाचं नशीब चांगलं, त्याला परत वितळता येतं. यातला एक जरी मार्ग तू घेऊन गेलास तरी साहेबांना तुझा नकार आडमुठेपणा वाटणार नाही. त्यांच्यावरही वरून दाब आहे, महिन्याचं टनेज त्यांच्या डोक्यावर आहे, हे विसरू नकोस.

तरीही ते म्हणाले, ‘दुसऱ्याकडून सही घेतो,’ तर तो त्यांचा निर्णय. तुझ्या रजिस्टरला आठ लिहिलेला राहू दे, तारीख आणि हीट नंबरसकट. आरडाओरडा नको, टेबल आपटणं नको, आणि डबा खाताना बाकीच्यांना ‘तुम्ही पापी’ असं तर अजिबात नको. रामेश्वरभट्टांनी तुकोबांच्या वह्या बुडवायला लावल्या, आणि आज आपण कीर्तन संपलं की जी ‘आरती तुकारामा’ म्हणतो तिच्या शेवटी त्याच रामेश्वरभट्टांचं नाव येतं. तुकोबांनी त्या माणसाला परत यायला वाट ठेवली होती. तुझ्या साहेबांनाही असू दे.

‘देव घरी ठेवून येत जा’ या वाक्यावर तू चिडलास. मी चिडत नाही. त्यांनी नकळत कबूलच केलंय की तू आकड्याला नाही म्हणालास ते तुझ्या देवामुळं, हे त्यांना दिसलं. गळ्यातली माळ जितकी दिसत नाही, बाळा, तितकं हे दिसतं.

राहिल्या सासूबाई. त्यांचा चेहरा पडतो तो धर्मामुळं नव्हे. जावयाला आखाडात मटण वाढणं हा त्यांच्या हातचा मान आहे, त्र्यंबोलीदेवीच्या जत्रेचं जेवण आहे, आणि तू तो मान ताटावर बसून नाकारतोस. ताटावर बसून नाकारू नकोस. आखाड लागायच्या आधीच फोन कर, बायकोकडून नको, स्वतः. ‘आई, माळ घातलीय, मटण खात नाही, पण तुमच्या हातचं भरलं वांगं आणि भाकरी खायला येतोय’ असं सांग. आणि दोनदा मागून घे, म्हणजे त्यांचा हात रिकामा राहत नाही. बाकीचे ओरपत असताना पांढऱ्या रश्श्याचा वास चांगला आला तर चांगला आला म्हण. मला अजून येतो.